परत न्यायची डिश

मी बोलतेय ती ओव्हनमध्ये ठेवायची एक काचेची डिश. लांबट चौकोनी अंग, धरायला दोन बाजूंना दोन कान, आणि पोटात आठ माणसांचं जेवण मावेल एवढी जागा. बुडाला बाहेरून चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर निळ्या शाईत ‘आर्डिथ पोग’ लिहिलंय. कोपऱ्यांत जळक्या तेलाचे पिवळे डाग आहेत. ते घासूनही जात नाहीत, पण त्यांचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून, साच्यात दाबून, हजारो बहिणींबरोबर मी एका रांगेतून बाहेर पडले. मग खोक्यात बसून मिसुरीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत आले. १९६१ साली चर्चच्या तळघरात आर्डिथच्या लग्नाआधीचा बायकांचा समारंभ झाला, त्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, वर्लच्या, आत्याने मला भेट म्हणून दिलं. त्या दिवशी आर्डिथला माझ्यासारख्या तीन डिशा आल्या होत्या. दोन तिने दुकानात बदलून चादरी घेतल्या. मला का ठेवलं, कोण जाणे. मी मात्र बरीच वर्षं समजत होते की माझ्यात काहीतरी खास आहे.

माझं काम घरात कमी, बाहेर जास्त. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे बाळ आलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी देवाघरी गेलं, की रविवारी चर्चच्या मागच्या टेबलावर एक कागद पडायचा. त्यावर तारखा. ज्या बाईला ज्या दिवशी जेवण न्यायचं असेल तिने त्यापुढे नाव लिहायचं. आर्डिथचं नाव पहिल्या ओळीत असायचंच, आणि खाली एखादी तारीख रिकामी राहिली तर तिथेही.

मग मी. माझ्यात उकडलेलं चिकन, रुंद नूडल्स, मशरूमच्या सूपचा एक डबा आणि वरून चुरलेली खारी बिस्किटं. ओव्हनमधून निघाले की ती मला दोन टॉवेलांत गुंडाळून गाडीच्या पुढच्या सीटवर बसवायची. वळणावर एक हात माझ्यावर असायचा. स्वतःच्या मुलींना तिने इतकं जपून नेलं नसेल.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ग्लेन्डा म्हणून आर्डिथची मैत्रीण होती. ती जेवण न्यायची ते पत्र्याच्या पातळ ट्रेमध्ये. खाल्लं की ट्रे कचऱ्यात. आर्डिथ तिला हसायची.

“ग्लेन्डा, तू अन्न देतेस आणि सुटतेस. मला परत जायला काहीतरी कारण नको का?”

“अगं, माणसं दमलेली असतात. त्यांना भांडी कशाला घासायला लावायची?”

“घासू देत की. हाताला काम लागतं.”

आणि वर्ल, तिचा नवरा, जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवणारा शांत माणूस, पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, “ती डिश आणायला जात नाही, ग्लेन्डा. ती बातमी आणायला जाते. डिशचं ओझं उगाच.”

“तू गप रे! पहिले तीन दिवस सगळेच येतात. माणूस एकटं पडतं ते चौथ्या दिवसापासून. तेव्हा दार कोण वाजवतं? मी.”

आणि हे खोटं नव्हतं. ऑर्व्हिल नावाचा एक म्हातारा होता. त्याची बायको गेली, आणि सातव्या दिवशी आर्डिथ मला आणायला गेली तर मी फ्रिजमध्ये तशीच, हात न लावलेली. तो खुर्चीत बसलेला, कोट घालून, घर थंडगार. आर्डिथने काही विचारलं नाही. मला ओव्हनमध्ये ठेवलं, त्याच्यासमोर बसली आणि तो खाईपर्यंत शेजाऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल बोलत राहिली. तो नंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांतलं थोडंसं श्रेय मी स्वतःकडे घेतलं होतं. का घेऊ नये? मी नसते तर ती दारात कशी उभी राहिली असती?

म्हणूनच चांगल्या कामाच्या आड दुसरं काय चाललंय ते मला दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि आवडलं. मलाही लोकांच्या घरात जायला आवडायचं. कुणाच्या सिंकमध्ये किती भांडी पडलीत, कुणाचा नवरा जेवताना बोलत नाही, कुणाच्या कपाटात मागे बाटली आहे, हे सगळं मी पाहायचे. मला सांगता येत नव्हतं म्हणून मी सज्जन ठरले, एवढंच.

१९८३च्या ऑक्टोबरात आमच्याकडे नवे पास्टर आले. केंडल ऑस्बी, वय अठ्ठावीस, नुकतेच सेमिनरीतून पाळक होण्याचं शिक्षण संपवून आलेले. गाडीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. आमच्या मंडळीची रीत अशी की नव्या पास्टरला आधी एक वर्ष पाहायचं, मग पुढच्या ऑक्टोबरात सगळ्यांनी मत द्यायचं. मत पडलं तर तो आपला. तोवर त्यांना राहायला चर्चचं घर दिलं होतं. ते आर्डिथच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. आर्डिथच्या सिंकवरच्या खिडकीतून त्यांचं पुढचं दार दिसायचं. आर्डिथने त्या वर्षी भांडी फार घासली.

पास्टरांची बायको लिनेट. उंच, सडपातळ, भलत्याच ठिकाणी मोठ्याने हसणारी. लहान मुलांच्या रविवारच्या वर्गात ती बायबलातला, माशाने गिळलेला योना व्हायची, टेबलाखाली शिरायची, आणि मासा झालेली मुलं तिला थुंकून बाहेर काढायची. काही म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही. आर्डिथला मात्र ती पोटच्या पोरीसारखी वाटायची. हे मी ठामपणे सांगते, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की आर्डिथ वाईट होती. ती वाईट नव्हती. तेच तर अवघड आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये लिनेटचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. एका लहानशा पेटीत तिला टेकडीवर पुरलं, आणि रविवारी मागच्या टेबलावर कागद पडला. पहिलं नाव कुणाचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी त्या घरात नऊ दिवस राहिले. पहिल्या दिवशीच रिकामी झाले, घासून पुसून ओट्यावर उपडी ठेवली गेले. तिथून मला जेवणाचं टेबल दिसायचं.

तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. केंडलने जेवणाआधी हात पुढे केला. आमच्याकडे घरोघरी तसंच करतात, एकमेकांचे हात धरून अन्नासाठी देवाचे आभार मानतात. लिनेटने हात मांडीवरच ठेवला.

“केंडल, मला येत नाहीये.”

“काय येत नाहीये?”

“हेच. तोंड उघडते आणि समोर कुणी नाही असं वाटतं. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते. मी तुझी बायको आहे, लोक बघतात, म्हणून हलवते.”

त्याने पुढे केलेला हात टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “बरं. काही दिवस मी दोघांचं म्हणतो. तू फक्त जेव.”

“सेमिनरीत हे शिकवलं होतं का?”

“सेमिनरीत मला ग्रीक शिकवलं. रुसलेल्या बायकोचं प्रकरण दुसऱ्या वर्षाला होतं, मी त्या दिवशी आजारी होतो.”

ती हसली. त्या घरात नऊ दिवसांत मी ऐकलेलं ते एकच हसू. मग त्याने दोघांचं म्हटलं, आणि ती जेवली.

असंच चाललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी चाळीस वर्षं करतेय. कदाचित उन्हाळ्यापर्यंत तिने हात पुढे केला असता. कदाचित कधीच केला नसता, आणि तरी ते दोघं जेवत राहिले असते.

लिनेट दोनदा मला घेऊन दारापर्यंत गेली होती. रस्ता ओलांडायचा, डिश द्यायची, परत यायचं, एवढंच. दोन्ही वेळा बाहेर कुणी ना कुणी दिसलं आणि ती मागे फिरली. तिकडे आर्डिथ खिडकीतून पाहत होती आणि मुद्दाम येत नव्हती. तिचा हिशेबच तसा होता. घर जरा शांत होऊ द्यायचं, मग जायचं.

नवव्या दिवशी दुपारी ती आली. “मी म्हटलं, माझी डिश घेऊन जाते,” असं म्हणत ती खुर्ची ओढून बसलीही.

लिनेटने कॉफी केली. आर्डिथने हवेबद्दल बोलून घेतलं, मग पडद्यांबद्दल. मग लिनेटचा हात धरून ती म्हणाली, “पोरी, खरं सांग. कशी आहेस?”

हे विचारताना तिचे डोळे खरोखर भरले होते. मी अगदी जवळ होते. पण ओलाव्याच्या मागे एक उत्सुकताही होती, दार किलकिलं दिसल्यावर माणसाच्या डोळ्यांत येते तशी. लिनेटला फक्त ओलावा दिसला.

आणि तिने सांगितलं. सगळं. ओठ हलवते तेही.

“सिस्टर आर्डिथ, हे कुणाला सांगू नका हं. केंडलचं ऑक्टोबरात मत आहे.”

“अगं वेडी का काय! माझ्या तोंडून एक अक्षर जायचं नाही. मी फक्त प्रार्थना करीन.”

तिने लिनेटला पोटाशी धरलं. मग मला काखोटीला मारलं आणि रस्ता ओलांडून घरी आली.

त्याच आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. बुधवारी संध्याकाळी आमच्या तळघरात आधी सगळ्यांनी आणलेलं जेवण, मग प्रार्थना. प्रार्थनेआधी विनंत्या सांगतात. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या सुनेसाठी, कुणाच्या नोकरीसाठी. विनंत्यांना पाऊण तास लागतो, प्रार्थना दहा मिनिटांत आटपते. यात एक फार चांगली सोय आहे. ज्याला आपलं दुखणं उघड करायचं नसेल त्याने हात वर करून नुसतं ‘मनातली’ म्हणायचं. म्हणजे विनंती आहे, पण सांगणार नाही. त्यावर कुणी काही विचारत नाही. माना हलवतात आणि पुढे जातात. आमच्या लोकांची मला सर्वात आवडलेली रीत तीच.

पण ती ज्याची त्याने टाकायची असते. दुसऱ्याच्या घराची मनातली विनंती आजवर कुणी टाकली नव्हती.

त्या दिवशी पास्टर कुणा आजाऱ्याला भेटायला शहरातल्या इस्पितळात गेले होते, लिनेट घरी होती. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींचे प्रमुख ब्रदर हॉलिस समोर बसून विनंत्या लिहून घेत होते. मी टेबलावर होते, अर्धी रिकामी, माझ्यात चमचा उभा.

आर्डिथने हात वर केला. “पास्टरांच्या घरासाठी,” ती म्हणाली, “एक मनातली.”

ब्रदर हॉलिसची पेन्सिल थांबली. मग सगळ्यांनी माना हलवल्या.

आर्डिथ समाधानाने खाली बसली. तिने शब्द पाळला होता ना! एक अक्षर बोलली नव्हती. उलट साठ माणसांची प्रार्थना त्या पोरीच्या मागे उभी केली होती. घरी जाताना ती गाडीत गुणगुणत होती. आणि मी? माझ्याही मनात काही आलं नाही. मला घासायला लागेल एवढंच आलं.

गुरुवारी फोन सुरू झाले. आमच्यात प्रार्थनेची साखळी असते. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, म्हणजे तासाभरात सगळ्या मंडळीला कळतं की कुणासाठी प्रार्थना करायची. जे कळलं तेवढंच पुढे सांगायचं, हा नियम. पण इथे कळलेलं काहीच नव्हतं. मग ज्या घरी फोन गेला तिथे त्या रिकाम्या जागेत काहीतरी भरलं गेलं. मीही रिकामी असते तेव्हा माणसं तेच करतात.

दुसऱ्या आठवड्यात साखळी फिरून आर्डिथच्याच स्वयंपाकघरात आली. फोनवर ग्लेन्डा होती, आणि तिचा आवाज असा की मला कपाटातूनही ऐकू येत होता.

“आर्डिथ, ते वेगळे राहणार म्हणतात, खरं का गं?”

“कोण?”

“पास्टर आणि लिनेट. कुणी म्हणतं सेमिनरीत असताना त्यांचं दुसरीकडे काही होतं. आणि कुणी म्हणतं... मी म्हणत नाही हं, मी फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय... की बाळ गेलं ते आपोआप गेलं नाही.”

आर्डिथ भिंतीला टेकली. “ग्लेन्डा! असलं कोण बोललं?”

“आता मला काय विचारतेस? तुलाच ठाऊक असणार. तूच तर सांगितलंस.”

“मी काहीही सांगितलं नाही!”

“हो ना,” ग्लेन्डा म्हणाली, “तेच तर.”

आर्डिथ फोन ठेवून तशीच उभी राहिली. वर्ल जेवायला आला तर चूल गार.

“काय झालं?”

तिने सांगितलं. वर्लने टोपी काढून टेबलावर ठेवली. “तू समोर जा. आत्ताच. तिला सांग की मी घोळ केलाय.”

“कसं तोंड दाखवू रे?”

“याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?”

ती गेली नाही. खिडकीचा पडदा मात्र तिने ओढून घेतला. मे गेला, जून गेला. लिनेटला दुकानात बायका डोकं कलतं करून विचारायच्या, “कशी आहेस गं आता?” आणि उत्तर पूर्ण ऐकायच्या आधी तिच्या हाताकडे पाहायच्या, अंगठी आहे की नाही. रविवारच्या वर्गातून तीन घरांनी मुलं काढून घेतली. कशामुळे ते लिनेटला कळेना. आर्डिथ चर्चमध्ये तिच्या मागे चार बाकं सोडून बसायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटी ब्रदर हॉलिस आर्डिथकडे आले. केकचा तुकडा घेतला, कॉफी घेतली, आणि म्हणाले, “सिस्टर, मत जवळ आलंय. लोक नाही नाही ते बोलतात. विनंती तुम्ही टाकली होती. घरात काय आहे ते मला कळायला हवं. माझ्या डोक्यावर मंडळी आहे.”

मी ओट्यावर होते. सकाळीच घासलेली, कोरडी. माझ्या समोर आर्डिथचा चेहरा होता, आणि तिथे काय चाललं होतं ते मला वाचता येत होतं. गप्प राहिलं तर ती घाण तशीच पसरणार. बोललं तर शब्द मोडणार. आणि खरं तर किती साधं होतं! बाहेरच्या लोकांच्या बोलण्यापुढे खरं काहीच नव्हतं.

“ब्रदर हॉलिस, तसं काही म्हणजे काही नाही हो,” ती घाईने म्हणाली. “दोघांचं चांगलं आहे. फक्त बाळ गेल्यापासून तिला प्रार्थना करता येत नाही. समोर कुणी नाही असं वाटतं तिला. एवढंच.”

“एवढंच?” ब्रदर हॉलिसनी कप खाली ठेवला. “सिस्टर आर्डिथ, हे तुम्हाला एवढंच वाटतं?”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा मुलगा लढाईत गेला होता. “डॅनी गेला तेव्हा मी आठ दिवस गुडघ्यांवरून उठलो नाही,” ते हळूच म्हणाले. “दुसरं काही धरायलाच नव्हतं. आणि पास्टरची बायको म्हणते कुणी नाही?” त्यांचा केक अर्धा राहिला.

पुढचं मी वर्लच्या तोंडून ऐकलं, तो वडीलमंडळींच्या बैठकीला होता. त्यांनी केंडलला सांगितलं की मताच्या आधीच्या रविवारी लिनेटने पुढे येऊन दोन मिनिटं साक्ष द्यावी, देवावर आपला भरवसा आहे असं सर्वांसमोर म्हणावं, म्हणजे विषय मिटेल.

“तो काय म्हणाला?” आर्डिथने विचारलं.

“म्हणाला, मत माझ्यावर घ्यायचंय, माझ्यावर घ्या. तिला खोटं बोलायला मी सांगणार नाही, आणि खरं बोलायला तुम्ही लावू नका.” वर्लने टोपी खुंटीला लावली. “मग त्याने नाव मागे घेतलं. महिनाअखेर घर सोडतात.”

शनिवारी आर्डिथने मला भरलं. चिकन, नूडल्स, सगळं नेहमीचं. बिस्किटांचा चुरा अर्धा ओट्यावर सांडला. सहा महिन्यांनी तिने तो रस्ता ओलांडला. दार लिनेटनेच उघडलं. तिच्या मागे दिवाणखान्यात खोकी भरून ठेवलेली, भिंतीवर चित्रांचे पांढरे चौकोन.

“लिनेट, मी शब्द पाळला होता गं,” आर्डिथ एकदम म्हणाली. “त्या बुधवारी मी एक अक्षर बोलले नाही.”

“ठाऊक आहे. मला सगळ्यांनी तेच सांगितलं.”

“आणि ब्रदर हॉलिसना बोलले ते लोक वाईट बोलत होते म्हणून. तुझ्या भल्यासाठीच...”

“सिस्टर आर्डिथ,” लिनेट म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “लोक बोलले त्याचं मी बघून घेतलं असतं. पण केंडलसमोर मला रडता येत नव्हतं. त्याला उठून रविवारी प्रवचन करायचं असायचं. मला एकच माणूस होतं, रस्त्यापलीकडे. मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं ना, त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली होती. मला वाटलं, उद्या कदाचित मी हात जोडून बघीन.”

आर्डिथने मला पुढे केलं.

लिनेटने तिच्या हातातून मला घेतलं. “थांबा हं, इथेच.”

तिने मला आत नेलं. एका खोक्यातून स्वतःचं पातेलं काढलं, माझ्यातलं सगळं त्यात ओतलं, कडेचं चमच्याने खरवडूनसुद्धा घेतलं. मग नळाखाली धरून घासलं. साबण लावून, दोन्ही बाजूंनी, नीट. एवढ्या निगुतीने मला कुणी घासलं नव्हतं, आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी अजून गरम होते. पाणी गार होतं. माझ्यात कुठेतरी बारीक तडा गेला असावा असं मला वाटलं, पण नाही. मी अखंड राहिले.

आर्डिथ पायरीवर उभीच होती. लिनेटने मला ओलीच तिच्या हातात दिलं.

“परत यायला नको,” ती म्हणाली. आणि दार लावलं. आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी आर्डिथ चर्चमध्ये उभी राहिली. मी खाली तळघरात होते. स्वयंपाकघरातल्या बायकांना वरचं ऐकू यावं म्हणून तिथे भिंतीला एक छोटा भोंगा बसवलाय, त्यातून मी ऐकलं. ती रडत रडत बोलली. “मी विनंती टाकली, तीच चूक झाली, मग मी शब्द मोडला, एका पोरीचं घर माझ्यामुळे मोडलं.” काही लपवलं नाही. मी ऐकत होते आणि वाटत होतं, आता काहीतरी होईल. आता कुणीतरी उठून रस्त्यापलीकडे धावत जाईल.

ब्रदर हॉलिसचा भरलेला आवाज आला, “सिस्टर, देवाने तुम्हाला केव्हाच माफ केलं, आणि आम्हीही.” मग बाकं सरकल्याचे आवाज, हुंदके, नाकं शिंकरणं. सगळ्या बायका तिला मिठी मारत होत्या. मग सगळे खाली जेवायला आले, आणि त्या दिवशी जेवण फार प्रेमाने झालं.

ऑस्बी मंडळी तिथे नव्हती. ती समोरच्या घरात खोकी बांधत होती.

मंगळवारी ती गेली. बुधवारी ग्लेन्डा आर्डिथकडे पत्र्याचा ट्रे घेऊन आली. तिच्या मागून आणखी दोघी. “किती सोसलंस गं तू,” म्हणत त्यांनी टेबल भरून टाकलं. आर्डिथ मधोमध बसलेली, डोळे सुजलेले.

वर्ल दारात उभा राहून ते सगळं पाहत होता. “एक विचारू?” तो म्हणाला. “ज्यांचं घर गेलं त्यांना कुणी काय नेलं?”

ग्लेन्डाने ट्रेवरचं झाकण परत लावलं.

आर्डिथने नंतर पत्रं लिहिली, दर ख्रिसमसला. चौथ्या वर्षी केंडलचं दोन ओळींचं कार्ड आलं. लिनेट शाळेत शिकवते, बरी आहे. खाली पत्ता नव्हता, आणि लिनेटची सहीसुद्धा नव्हती. आर्डिथने ते कार्ड पालथं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, पुन्हा पालथं.

मला तिने पुन्हा कुणाच्या दारी नेलं नाही. घरातही क्वचितच वापरलं. वर्ल गेला. आर्डिथ ऐंशीच्या पुढे गेली आणि मुलीकडे राहायला गेली. मी आता रिकाम्या घराच्या खालच्या कपाटात आहे, जुन्या केकच्या साच्यांखाली. पुढच्या महिन्यात मुलगी येऊन सगळं चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देणार आहे. म्हणजे मी पुन्हा कुणाच्या तरी ओट्यावर जाईन. चांगली जाड काच आहे, कुणीही घेईल.

मला जो कुणी घेईल त्याला एवढंच सांगायचंय. माझ्यात घरच्यांसाठी काहीही शिजवा. पण ज्या घरात माणूस खचून बसलंय तिथे मला नेऊ नका. तिथे जायचं असेल तर नुसतेच जा, हात हलवत. काही आणायला आलोय असं म्हणू नका. जे ऐकाल ते घेऊन रस्ता ओलांडू नका.

माफी मी मागत नाही. आमच्या गावात माफी फार लवकर मिळते, जेवणाच्या आत. ती जिच्याकडे मागायची ती कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि तिने द्यावीच असंही काही नाही. लिनेट, त्या दुपारी दार उघडायला मी कारण झाले. ते मी केलं.